प्लॉट आरमोरीचा, पाणी वैनगंगेचं

आरमोरीत घरासाठी प्लॉट शोधणारा माणूस बहुतेक एप्रिल-मे महिन्यात फिरतो. मुलांना सुट्टी असते, जमीन टणक असते, मुरमाच्या रस्त्याकडेला चुन्याच्या रेघा स्वच्छ दिसतात. आयुष्यभराची पुंजी घालण्याचा निर्णय अर्ध्या तासात होतो. त्यामागचे काही समज इतके पक्के असतात की ते कुणी तपासतच नाही.

"नदी कुठं, प्लॉट कुठं!" हा त्यातला सगळ्यात महागात पडणारा. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मुख्य पाऊस झाला तो वर, मध्य प्रदेशात. तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, गोसेखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगेच्या ब्रह्मपुरी आणि आरमोरी अशा दोन्ही काठांवरची गावं पाण्यात गेली. डोक्यावर ढग नसतानाही पूर येतो, हे त्या वेळी या भागानं पाहिलं. शिवाय वैनगंगा फुगली की गाढवी, खोब्रागडी या उपनद्यांचं आणि लहान नाल्यांचं पाणी पुढं सरकत नाही, मागं दाबतं. म्हणून प्लॉटपासून नदीचं अंतर मोजून भागत नाही, जवळचा नाला कुठं जातो ते पाहावं लागतं. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. सरासरी 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई असते. आपल्या नदीची रेषा आखली आहे का, हे त्या विभागाला विचारावं, ले-आऊटवाल्याला नव्हे.

जमीन स्वतःही सांगते. झाडीपट्टीतले बरेच ले-आऊट धानाच्या बांध्या सपाट करून पडतात. बांधी म्हणजे पाणी धरण्यासाठीच केलेलं शेत, त्यावर फूटभर मुरूम टाकला म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही. जुना धुरा अजून उंचवट्यासारखा दिसतो का, कोपऱ्यात बेशरमाचं झुडूप वाढलंय का, वरच्या अंगाला बोडी किंवा मामा (माजी मालगुजारी) तलाव असेल तर त्याचा सांडवा कुणीकडं उतरतो, शेजारच्या भिंतीवर गाळाची रेघ कितीवर आहे, एवढं बघायला इंजिनियर लागत नाही. आणि ऑगस्टमध्ये, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर, तिथं पुन्हा जायलाच हवं. त्याच फेरीत रस्तेही कळतात. गाढवी चढली की वडशाचा आणि पाल नदी चढली की गडचिरोलीचा रस्ता बंद पडतो. घरात म्हातारं माणूस असेल तर ही चौकशी नळाच्या चौकशीआधी करावी.

"रजिस्ट्री झाली, आता मालक आपणच." दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही. घरटॅक्सच्या पावतीचंही तेच, कर अतिक्रमणातल्या घरावरही बसतो. सातबारा, जुने फेरफार, 1954-55 चा अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रक काढून वाचावं. गुरचरण, रस्ता, मसणवट अशी गावाच्या वापरातली जागा निस्तार पत्रकात सापडते.

पूर्व विदर्भात या कागदांत आणखी एक शब्द शोधायचा, तो झुडपी जंगल. "झाडच नाही तर जंगल कसलं?" असं लोक सहज म्हणून जातात. मात्र सर्वोच्च न्यायालयानं 22 मे 2025 रोजी अशा जमिनी वनजमीनच असल्याचं स्पष्ट केलं. 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्यानं दिलेल्या जमिनींना सवलतीची वाट आहे, तीही केंद्राच्या मंजुरीतूनच. नंतरच्या वाटपांची वेगळी छाननी होते. झुडपी जंगलाच्या गटातला स्वस्त प्लॉट मला कुणी फुकट दिला तरी मी घेणार नाही.

"आपलं गाव पेसा कायद्यात नाही, आदिवासीची जमीन घेता येते." नाही येत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ खातेदार कोण आहे ते पाहतं, गाव पाहत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी शासनाची मान्यता लागते. स्टॅम्पपेपरवरची इसारपावती किंवा मुखत्यारपत्र ही त्यावरची पळवाट नाही. अशी जमीन मूळ मालकाला परत जाते, आणि जायलाच हवी, कारण कायदा त्यासाठीच केला आहे.

"एन.ए. होणारच आहे" असं सांगणाऱ्याला मंजूर नकाशा दाखवायला लावावा. 500 चौरस मीटरहून मोठा ले-आऊट असेल तर महारेराचा क्रमांकही मागावा.

राहिली रेल्वे. वडसा-गडचिरोली हा सुमारे 52 किलोमीटरचा मार्ग आरमोरीवरून जातो, म्हणून भाव दुप्पट होणार असं सांगून प्लॉट विकले जातात. स्टेशन आलं तर वर्दळ वाढेल, हे खरं. पण रुळांसाठी गट संपादित होतात, काहींचे तुकडे पडतात आणि पलीकडं जायला फाटक किंवा भुयारी रस्ता कुठं मिळेल यावर रोजचं जाणं-येणं ठरतं. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यानं आपला गट क्रमांक भूसंपादनाच्या अधिसूचनेशी ताडून पाहावा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात संपादनाची नोंद पडली आहे का ते इसार देण्याआधी तपासावं.