दुखत नाही म्हणून

सकाळी ८.३०. ओपीडी भरलेली. सिस्टरना रोजचं सांगणं एकच: मी टॉर्च मारून बघेपर्यंत थेंब घालू नका. उजेड चांगल्या डोळ्यावरून अधू डोळ्यावर आणला आणि बाहुली उलट पसरली, तर पडदा किंवा डोळ्याची नस चांगलीच दुखावलीय. थेंबांनी बाहुली मोठी झाली की ही खूण हातची जाते.

९.३०. बार्शीचे काका. "डाव्या डोळ्यानं खालचं अंधुक दिसतंय. दोन आठवडे झाले. मोतीबिंदू असेल ना?"
"दुखतं का?"
"छे, अजिबात नाही. म्हणून तर थांबलो."
हे उत्तर ऐकलं की माझा जीव खालीवर होतो.

थेंब घालून पडदा पाहिला. वरच्या भागात ज्योतींच्या आकाराचे रक्तस्राव, मधूनमधून पांढरे पुंजके, शीर फुगून नागमोडी. सगळं एका फाट्यापासून पुढे. तिथे धमनी शिरेला ओलांडते आणि दोघींचं आवरण एकच असतं. धमनी कडक झाली की शीर दबते, आत गुठळी होते. बीपी घेतलं: १८०/११०. आधी कधी तपासलंच नव्हतं.
"म्हणजे डोळ्याचं बीपी?"
"नाही काका, सगळ्या अंगाचं."

११.००. ओसीटी स्कॅनमध्ये पडद्याच्या मध्यभागाची जाडी ५२० मायक्रॉन. एरवी अडीचशेच्या आसपास असते. सूज आहे, म्हणजे डोळ्यात इंजेक्शनं, बहुधा दर महिन्याला. बीपीसाठी फिजिशियनकडे आजच. फ्लुरेसीन अँजिओग्राफी नंतर; रक्तस्राव ओसरल्यावर कुठल्या भागात रक्त पोहोचत नाही ते नीट दिसेल.

१.१५. डबा उघडला तोच एक आजी आल्या. काल संध्याकाळी उजव्या डोळ्यापुढे एकदम अंधार. पडदा फिका, मधोमध लालबुंद ठिपका: मुख्य धमनीच बंद. पडदा रक्तावाचून काही तासच तग धरतो. मुलाला स्पष्ट सांगितलं, ही नजर परत येण्याची आशा फार थोडी. पण अशीच गुठळी मेंदूत जाऊ शकते, आणि पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे. "आजी, चावताना जबडा दुखतो? डोकं ठणकतं?" दोन्हीला नाही. तरी रक्ताच्या ईएसआर, सीआरपी तपासण्या लिहिल्या, कारण धमन्यांच्या सुजेनं हे झालं असेल तर दुसरा डोळाही जाऊ शकतो. मुलगा म्हणाला, "उद्या नेलं तर?" व्हीलचेअर मागवली आणि मेडिसिनला फोन लावला.

५.३०. वॉर्डातून निरोप: ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित. मानेच्या डॉपलरला आणि एमआरआयला नंबर लागलाय. मुलगा आजींजवळच बसून आहे.