दिसावे, पण ऐकू येऊ नये

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेस, कळंबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस मध्यवर्ती कारागृह आहे. तुरुंगाच्या परिभाषेत कैद्याच्या आप्तांशी होणाऱ्या भेटीस 'मुलाखत' म्हणतात. कोण आले, कोणाला भेटले, केव्हा भेटले, याची नोंद होते व भेट अधिकाऱ्याच्या देखत पार पडते. परंतु एका भेटीला कायद्याने वेगळे स्थान दिले आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने कच्च्या कैद्याला आपल्या वकिलाशी, न्यायाच्या हिताला बाध येत नसेल तेथवर, तिसऱ्या माणसाच्या गैरहजेरीत बोलण्याची मुभा दिली. फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धाच्या बाबतीतही हाच विचार पुढे नेला: अधिकाऱ्याला ही भेट हवी तर पाहता यावी, मात्र बोलणे कानी पडेल इतक्या जवळ त्याने उभे राहू नये.

राजकीय पुढाऱ्यांच्या बंद दाराआडच्या बैठका जनतेला पाहावयास मिळाव्यात काय, या प्रश्नाची चर्चा करताना कळंब्याच्या भिंतीआडची ही व्यवस्था आठवल्यावाचून राहत नाही. पुढाऱ्यांची तुलना कैद्यांशी करण्याचा येथे हेतू नाही. तशी ती करण्याचा मोह अनेकांना होईल, ही गोष्ट निराळी.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ वादविवाद मंडळापुरता उरलेला नाही. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी घरोघरी आलेल्या वृत्तपत्रांत उद्धव ठाकरे यांच्या नावावर तीन पक्षांचे एकमत झाल्याची वार्ता होती. ती वाचून होण्याच्या आत देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी उरकला होता. राष्ट्रपती राजवट पहाटेच उठविण्यात आली. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही भरली नव्हती. कामकाज नियमावलीतील बाराव्या नियमाखाली पंतप्रधानांनी आपल्या विशेषाधिकारात निर्णय घेतला आणि मंत्रिमंडळाची संमती मागाहून घेण्यात आली. कोट्यवधी मतदारांनी दिलेल्या कौलाचा अर्थ एका रात्रीत, कोठल्या तरी खोलीत लावला गेला आणि मतदार त्या वेळी झोपेत होता.

यावर सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला जो आदेश दिला, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपूर्वी विधानसभेत बहुमत सिद्ध करावे, मतदान गुप्त नसावे आणि कामकाजाचे थेट प्रक्षेपण व्हावे, असे न्यायालयाने सांगितले. त्याच दिवशी फडणवीस यांनी राजीनामा दिला. बंद खोलीत जे बहुमत दिसत होते, ते प्रकाशझोतात येण्यापूर्वीच विरून गेले.

मग बैठकांतच कॅमेरे का बसवू नयेत? प्रश्न सरळ आहे आणि म्हणूनच फसवा आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार प्रथम सुरतेस व तेथून गुवाहाटीस गेले, तेव्हा त्यांच्या हॉटेलातून चित्रफिती येतच होत्या. घोषणा दिसल्या, हसरे चेहरे दिसले. काय देण्याघेण्याचे ठरले, ते मात्र दिसले नाही. कॅमेरा ज्याच्या हाती असतो, त्याला हवे तेवढेच तो दाखवितो. २७ सप्टेंबर २०२२ रोजी याच पेचाची सुनावणी घटनापीठासमोर सुरू झाली आणि तिचे थेट प्रक्षेपण देशाने पाहिले. खोलीतला व्यवहार अंधारात राहिला. त्याच्या कायदेशीर परिणामांवरील युक्तिवाद तेवढा उजेडात आला.

उघड्या दारांतून चाललेल्या वाटाघाटींचे भवितव्यही जगाने पाहिले आहे. जानेवारी १९१८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी आपल्या चौदा कलमांत पहिलेच कलम गुप्त तहांविरुद्ध घातले. करार उघड असावेत व ते उघडपणेच व्हावेत, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये तेच विल्सन लॉइड जॉर्ज, क्लेमान्सो व ऑर्लांडो यांच्यासह बंद दाराआड तहाची कलमे ठरवीत बसले. याला ढोंग म्हणता येईल, पण तेवढेच म्हणून भागत नाही. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प व झेलेन्स्की यांची भेट कॅमेऱ्यांसमोर झाली आणि ती शब्दाला शब्द वाढून भांडणावर गेली. ज्या खनिज करारावर त्या दिवशी सह्या व्हावयाच्या होत्या, त्या झाल्या नाहीत. बघ्यांसमोर माणूस समोरच्याशी बोलत नाही, तो बघ्यांशी बोलतो. ज्याला चार पावले मागे यावयाचे असते, त्याला आपल्या अनुयायांच्या देखत ती टाकता येत नाहीत.

भारताची घटनाही याला अपवाद नाही. घटना समितीचे कामकाज प्रेक्षकांसमोर चाले व भाषणे शब्दशः छापली जात. पण पुष्कळशा कलमांवरचे खरे मतभेद त्याआधी काँग्रेस पक्षाच्या अंतर्गत सभांतून मिटविले जात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पक्षशिस्तीचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले. त्याही आधी, सप्टेंबर १९३२ मध्ये, पुणे कराराची बोलणी येरवड्याच्या तुरुंगात झाली. ती चौकात झाली असती तर करार झालाच नसता. आणि झालेला करार न्याय्य होता की काय, हा वाद आजही संपलेला नाही. खाजगीपणामुळे तडजोड शक्य होते, ती रास्तच असेल याची हमी मिळत नाही.

तेव्हा ऐकण्याचा हट्ट सोडावा, पण पाहण्याचा सोडू नये. कोण, कोणाला, कोठे, कोणत्या विषयावर भेटले, एवढे कळण्यानेही केवढा फरक पडतो, याचे उदाहरण २०१४ चे आहे. केंद्रीय अन्वेषण विभागाचे तत्कालीन संचालक रणजित सिन्हा यांच्या निवासस्थानाची अभ्यागतांची नोंदवही सर्वोच्च न्यायालयापुढे आली. आत काय बोलणे झाले, याचा एक शब्दही त्या वहीत नव्हता. तरीही टू-जी प्रकरणाच्या तपासापासून त्यांना दूर होण्यास न्यायालयाने सांगितले. ब्रिटनमध्ये २०१० पासून मंत्र्यांच्या बाहेरील संस्थांशी झालेल्या भेटींच्या याद्या ठरावीक काळाने प्रसिद्ध होऊ लागल्या. युरोपीय आयोगाने २०१४ च्या अखेरीस तसाच नियम केला. तेथील राज्यकारभार त्यामुळे बंद पडल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडील माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही याच दिशेने विचार करतो. मंत्रिमंडळाची चर्चा चालू असता ती गुप्त राहते. निर्णय होऊन प्रकरण पुरे झाल्यावर निर्णय, त्याची कारणे व त्यामागील सामग्री जाहीर करावी, असे त्याचे आठवे कलम सांगते. अडते ते पक्षांपाशी. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना हा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या या पक्षांनी तो न पाळण्याच्या बाबतीत अपूर्व एकजूट दाखविली.

कळंब्यासारख्या गावाला या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. सरकारी दप्तरात कळंबे तर्फ ठाणे म्हणून नोंदलेले हे गाव शहराला चिकटले आहे आणि शहराच्या हद्दवाढीच्या चर्चेत त्याचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले आहे. कोल्हापूरची महानगरपालिका १९७२ च्या डिसेंबरात झाली, तरी दशके लोटली व हद्द वाढली नाही. हद्दवाढवाले आणि विरोधक दोघेही मुंबईच्या वाऱ्या करीत राहिले. २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून शहर व ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण निघाले. घरपट्टी किती बसेल, बांधकामाचा परवाना कोठे मिळेल, शेतजमिनीवर कोणते आरक्षण पडेल, हे प्रश्न शिक्षकाच्या नि कारकुनाच्या घरातले आहेत. पण त्यांची उत्तरे ज्या दालनांत ठरतात, तेथे तो नसतो.

गावाची ग्रामसभा भरते तेव्हा कोणीही मतदार मागच्या रांगेत बसून सरपंचाला प्रश्न विचारू शकतो, आणि ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदला जातो. आपल्या गावाविषयी मुंबईत झालेल्या बैठकीस कोण कोण हजर होते, एवढे जाणून घ्यावयाचे झाल्यास त्याच मतदाराला अर्ज लिहून त्यावर दहा रुपयांचे तिकीट लावावे लागते व तीस दिवस टपालाची वाट पाहावी लागते.