जखम भरते ती भार उतरल्यावर

89.5, 65 आणि 58.3. तळपायाला मधुमेहाची जखम असलेल्या 63 रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या, 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतले हे टक्के. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलेल्यांपैकी 89.5 टक्के लोकांची जखम 12 आठवड्यांत भरली. काढता-घालता येणारा उंच बूट दिलेल्यांत 65 टक्के, तर अर्धा बूट दिलेल्यांत 58.3 टक्के.

उंच बूट मागे का पडला, ते 2003 मध्ये पावलं मोजल्यावर कळलं. दिवसभरातली जेमतेम 28 टक्के पावलं त्या बुटात पडत होती. पाय बधीर, दुखत काहीच नाही. मग घरात वावरताना बूट कोण घालतो? प्लास्टर मात्र काढता येत नाही.

आता हे वैशाखऱ्यात आणून बघा. नाणेघाटाच्या पायथ्याचं मुरबाड तालुक्यातलं हे भातशेतीचं गाव. लावणीत दिवसदिवस पाय चिखलात, बांधावर अनवाणी चालणं. 2023 च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशाच्या ग्रामीण भागात 8.9 टक्के प्रौढांना मधुमेह आहे, म्हणजे ‘साखर शहरातल्यांना होते’ हे आता खरं नाही. बधीर तळव्यात खडा रुतला तरी कळत नाही. घट्ट्याखाली काळसर ठिपका दिसला तर आत रक्त साकळलेलं असतं. तिथे मलम पोचत नाही, डॉक्टरांनी घट्टा तासावाच लागतो.

प्लास्टरचा उपाय आपल्याकडे परका नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या बधीर पायांच्या जखमा प्लास्टरने बऱ्या करत. पुढे त्यांनीच तो अमेरिकेत नेला.

‘इतके दिवस पाय बांधून बसलो तर खायचं काय?’ हा प्रश्न रास्तच आहे. पण 2001 च्या त्याच चाचणीत जखम भरायला प्लास्टरने सरासरी 33.5 दिवस लागले, अर्ध्या बुटाने 61. चार आठवड्यांचा फरक. आठवड्याला सहा दिवस आणि 2025-26 चा रोजगार हमीचा 312 रुपये दर धरला, तर 7,488 रुपयांची मजुरी वाचते.

अर्थात पायात रक्त नीट पोचत नसेल किंवा जखम चिघळून पू झाला असेल, तर प्लास्टर घालायचं नाही. आधी त्यावर इलाज. आणि चार आठवड्यांत जखम निम्म्याने आकसली नाही, तर तेच ड्रेसिंग चालू ठेवण्यात अर्थ नाही. एका अभ्यासात चौथ्या आठवड्यापर्यंत अशी आकसलेल्यांपैकी 58 टक्के जखमा 12 आठवड्यांत भरल्या, न आकसलेल्यांपैकी फक्त 9.

भरलेली जखमही सुमारे 40 टक्के लोकांना वर्षाच्या आत पुन्हा होते, म्हणून नंतर चप्पलही जपणारी हवी. कुष्ठरोगाने पाय बधीर झालेल्यांना सरकार मऊ रबराच्या एमसीआर चपला मोफत देतं. साखरेने बधीर झालेल्या पायाची गरज तीच आहे, आणि मोफत चपलांच्या यादीत मधुमेहींची नावंही यायला हवीत. नावं शोधायला यंत्र लागत नाही. आशाताईंनी माणसाला डोळे मिटायला सांगावं आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला, करंगळीला एक-दोन सेकंद हलकं बोट टेकवावं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाय बधीर समजावेत.