लाकडाची चव

बर्बन व्हिस्कीच्या चवीचा निम्म्याहून जास्त भाग लाकडाचा असतो, आणि लाकडाचा वास लकडगंजला कुणी शिकवावा लागत नाही. पूर्व नागपुरातल्या या टिंबर मार्केटमध्ये आरामशीन सुरू झाली की सागवानाचा भुसा वखारीतून रस्त्यावर येतो. आलापल्ली-बल्लारशाहच्या सागवानाचं नाव इतकं की २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहूनच गेलं. ओली फळी आणि मुरलेली फळी वासावरून सांगणारी माणसं या भागात आहेत. त्यांच्या हाती बर्बनचा ग्लास दिला, तर महागड्या हॉटेलात बसणाऱ्या पुष्कळ शौकिनांपेक्षा ती लवकर मुद्द्यावर येतील, असं माझं मत आहे.

दारूच्या पिंपाला मात्र सागवान चालत नाही. त्यातलं तेल वाळवी दूर ठेवतं, पण व्हिस्कीला ते नकोच. बर्बनला लागतो तो अमेरिकेतला पांढरा ओक. त्याच्या गाभ्यातल्या नळ्या झाड वाढतानाच आतून बुजतात, म्हणून पिंप गळत नाही. लाल ओकचं तसं नाही. त्याच्या कांडीच्या एका टोकाला तोंड लावून फुंकलं तर दुसऱ्या टोकातून हवा येते.

अमेरिकेच्या काँग्रेसने १९६४ साली ठराव करून बर्बनला देशाचं खास उत्पादन ठरवलं. नियम कडक आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. भट्टीतून निघताना मद्यार्क ८० टक्क्यांच्या वर नको, पिंपात भरताना ६२.५ च्या वर नको आणि बाटलीत ४० च्या खाली नको. पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळलेलं असलं पाहिजे. रंग, साखर, सुगंध काहीही घालायला बंदी. पाणी तेवढं चालतं. केंटकीतच बनली पाहिजे असं मात्र नाही, अमेरिकेत कुठेही बनवता येते. 'स्ट्रेट' लिहिलेली बर्बन किमान दोन वर्षं मुरलेली असते, आणि चार वर्षांच्या आतली असेल तर वय लेबलवर छापावंच लागतं. 'बॉटल्ड इन बॉन्ड' ही पाटी १८९७ च्या कायद्यातली: एकाच कारखान्याची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीतल्या गोदामात मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची.

यातून चाखणाऱ्याला एक सोय मिळते. ग्लासातला रंग सगळा लाकडाचाच असतो. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांत मळीच्या मद्यार्काचा मोठा वाटा असतो आणि रंग कॅरॅमलचा. स्कॉचलाही कॅरॅमलची मुभा आहे. बर्बनमध्ये ही फसवणूक चालत नाही. भट्टीतून निघते तेव्हा तीही मोहाच्या पहिल्या धारेइतकीच पाण्यासारखी स्वच्छ असते. मोहाचा वास फुलातून येतो आणि त्याला लाकूड लागतच नाही. बर्बनला सुरुवातीला फक्त मक्याचा कच्चा, गोडसर वास असतो. बाकीचं सगळं पिंपात घडतं.

पिंपाचं पोट पेटवतात ते काही सेकंद, खोलात खोल जळणीला मिनिटभराच्या आतच. तेवढ्यात लाकडातल्या लिग्निनचा व्हॅनिलाकडे झुकणारा वास तयार होतो आणि लाकडातल्या शर्करा करपून पाकासारख्या होतात. ओकमधल्या लॅक्टोनमुळे खोबऱ्याची आठवण येते, युजेनॉलमुळे लवंगेची (लवंगेच्या तेलातही मुख्यतः तेच असतं), आणि टॅनिनमुळे जिभेच्या कडांना काताचा तुरटपणा. परदेशी परीक्षक टॉफी, मेपल, लेदर असं लिहितात. आपण का लिहावं? वैदर्भीय नाकाकडे काकवी आहे, भाजलेलं खोबरं आहे, वाळलेली संत्र्याची साल आहे. ज्या वासाशी लहानपणापासून ओळख आहे त्याचंच नाव वहीत लिहावं. उसनं नाव लिहिलं की पुढच्या वेळी ते आपल्यालाच ओळखू येत नाही.

आता चाखण्याची रीत. नागपूरच्या मे महिन्यात हे काम करूच नये. खोली तापलेली असली की मद्यार्काची वाफ आधी नाकाला झोंबते आणि मागचे वास दबतात. डिसेंबरची रात्र उत्तम. बर्फ घालून गार केली तर उलट होतं, वास वर येतच नाहीत. सावजीच्या जेवणानंतर तर मुळीच नाही. तिखटाने तोंडातला जो संवेदक चेततो, त्यालाच मद्यार्कही डिवचतो, त्यामुळे रश्श्यानंतर कुठलीही बर्बन फक्त जाळते. जेवणाआधी, साधं पाणी जवळ ठेवून बसावं.

तोंडाशी निमुळता ग्लास घ्यावा, त्यात पंधरा-वीस मिलिलिटर, आणि काही मिनिटं तसाच राहू द्यावा. हुंगताना तोंड किंचित उघडं ठेवलं तर झोंबणं कमी होतं. पहिला घोट फक्त जीभ सावध करण्यापुरता. त्यावर मत बनवू नये. दुसरा तोंडात फिरवावा. जिम बीमचे बुकर नो तो चावल्यासारखा करत, आणि केंटकीत ती रीत अजून प्रसिद्ध आहे. मग दोन थेंब पाणी. २०१७ साली स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं की पाण्याने मद्य थोडं सौम्य झालं की ग्वायाकॉलसारखे सुगंधी रेणू पृष्ठभागाकडे सरकतात. शेवटी गिळल्यावर काय उरतं ते पाहावं. गोडी आधी जाते की तुरटपणा, यावर माझा निम्मा निकाल ठरतो.

दोष ओळखणं गुण ओळखण्यापेक्षा सोपं असतं. नेलपॉलिशचा वास आला तर ते इथाइल ॲसिटेट. कच्च्या मक्याचा वास पुढे असेल तर मुरायला कमी मिळालं. गोडी संपून नुसता कडवट ओक उरला तर पिंपात जास्त राहिली. हे शेवटचं आपल्या लोकांना पटत नाही, कारण बारा-अठरा वर्षांच्या स्कॉचने आपल्याला वयाचा मान ठेवायला शिकवलं आहे. स्कॉच बहुधा वापरलेल्या पिंपात मुरते, बर्बन कोऱ्या पिंपात. कोरं लाकूड भराभर देतं आणि एका मर्यादेनंतर देणं बाधतं.

शिकायचं असेल तर तीन ग्लास शेजारी ठेवावेत आणि कोणत्यात काय आहे ते दुसऱ्याला माहीत असावं, आपल्याला नको. एकात मेकर्स मार्क, जिच्यात राय या धान्याऐवजी १६ टक्के गहू आहे, चव मऊ. दुसऱ्यात वुडफर्ड रिझर्व्ह, १८ टक्के रायची. मागून मिऱ्याचा ठसका येतो. तिसऱ्यात बर्बन नकोच, गोव्याच्या कुंकळ्ळीत बनणारी पॉल जॉन ब्रिलियन्स घ्यावी. ती जवाची सिंगल माल्ट, ४६ टक्क्यांची, बर्बनच्या रिकाम्या पिंपांत मुरलेली. दरवेळी कोरं पिंप वापरायच्या नियमामुळे अमेरिकेत जुनी पिंपं ढिगाने उरतात आणि जगभर विकली जातात. पहिल्या दोन ग्लासांत जोरात बोलणारं खोबरं आणि व्हॅनिला तिसऱ्यात हळू आवाजात ऐकू येतं. लाकूड ओळखण्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

हे सगळं महाराष्ट्रात परवान्याने आणि पंचविशीनंतरच करायचं असतं, आणि खिशालाही झेपायला हवं. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरची आयात जकात १५० टक्क्यांवरून १०० वर आणली. राज्याचा कर वेगळा.

नागपूरला या विषयात रस घ्यायला एक नवं कारणही आहे. पर्नो रिकार इंडियाने २०२४ मध्ये राज्य शासनाशी बुटीबोरीच्या माल्ट कारखान्याचा आणि मुरवण्याच्या गोदामांचा करार केला: दहा वर्षांत सुमारे १,८०० कोटी रुपये आणि दिवसाला ६०,००० लिटरपर्यंत क्षमता. याच कंपनीची नाशिकजवळ दिंडोरीत तयार होणारी लॉन्जिट्यूड ७७ बर्बनच्या पिंपांत मुरते, म्हणजे ही पिंपं विदर्भातही येतील असा अंदाज बांधायला हरकत नाही. इथला उन्हाळा त्यांना काय करेल हे मात्र कुंकळ्ळीवरून सांगता येणार नाही. दमट हवेत पिंपातून मद्यार्क जास्त उडतो आणि तीव्रता उतरते; कोरड्या हवेत पाणी आधी उडतं आणि तीव्रता चढते, केंटकीच्या गोदामांत वरच्या मजल्यांवर होतं तसं. मे महिन्यातली पंचेचाळीस अंशांची कोरडी हवा लाकडातला तुरटपणाही घाईने ओढून काढेल. बुटीबोरीची पहिली बाटली हाती आली तर लेबलवरची वर्षं नंतर वाचावीत. आधी दुसऱ्या घोटानंतर जिभेच्या कडांवर कात किती वेळ टिकतो ते पाहावं.