गाईडबरोबर, की आपलं आपण?

सुट्टी मंजूर झालीय, सॅक माळ्यावरून खाली आलीय. तीन दिवसांच्या ट्रेकला ग्रुपचे पैसे भरायचे, की चौघांनी मिळून सरळ निघायचं?

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. सातपूरच्या कुठल्याही ऑफिसात जा, चहाच्या टेबलावर हा वाद चालू असतो. एक जण म्हणतो, ‘ग्रुपबरोबर जाऊ, डोक्याला ताप नको.’ दुसरा लगेच उसळतो, ‘आठवडाभर बॉसचं ऐकतो, आता डोंगरातही शिट्टी वाजली की उठायचं?’ दोघांचंही पटतं, हीच तर पंचाईत!

आपण नाशिककर तसे नशीबवान. दोन-तीन दिवस मनसोक्त चालायला आपल्याला मनाली गाठावी लागत नाही. घोटीच्या पुढे अलंग-मदन-कुलंग आहे, भंडारदऱ्याच्या बाजूला रतनगड ते हरिश्चंद्रगड आहे आणि सटाणा-ताहाराबादमार्गे गेलात तर बागलाणातलं साल्हेर-मुल्हेर. मी हे तीनही ट्रेक वेगवेगळ्या पद्धतीने केले. तिन्ही वेळा काही ना काही शिकले.

ढोरवाटांचा चकवा

रतनगड-हरिश्चंद्रगडला आम्ही चौघं आपलं आपण गेलो. रतनवाडीतून निघून कात्राबाईची खिंड ओलांडायची, कुमशेतला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पाचनईमार्गे गडावर. कागदावर एकदम सही प्लॅन! मोबाइलमध्ये रूट डाउनलोड केलेला, मग गाईड कशाला?

सप्टेंबरचा महिना. खिंडीजवळ धुकं उतरलं आणि समोर एका वाटेच्या पाच वाटा झाल्या. गुरं चरायला जातात त्या ढोरवाटा. प्रत्येक वाट खरी वाटते आणि थोडं चाललं की झाडीत विरून जाते. मोबाइलची बॅटरी थंडीने आणि सततच्या जीपीएसने मान टाकत होती. एकाचा घोटा मुरगळला. चौघांत मिळून पाण्याची एक बाटली उरली. साडेपाचला अंधारून आलं, तरी आम्ही ‘अजून थोडं पुढे बघू’ म्हणत चालतच होतो. शेवटी गुरं घेऊन परतणारे एक आजोबा भेटले. ‘इकडं कुठं निघालात रं पोरांनो? खाली कडा हाय!’ त्यांच्या मागोमाग आम्ही गावात पोहोचलो.

वाट कुणाचीही चुकते. आमची खरी चूक वेगळीच होती. चौघांपैकी ‘बास, आता मागे फिरू’ असं म्हणायचं कुणी, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मैत्रीत कुणी कुणाचा लीडर नसतो ना!

दोरी आली, की हौस बाजूला

अलंग-मदन-कुलंगची गोष्ट वेगळी. इंग्रजांनी १८१८च्या सुमारास सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या उडवल्या, त्यात हे किल्लेही आले. त्यामुळे अलंग आणि मदनवर जायला सरळ उभा कातळ चढावा लागतो. दोर, हार्नेस आणि ते बांधता येणारा माणूस असल्याशिवाय इथे जायचंच नाही. यूट्यूबवर बघून गाठ मारणाऱ्या मित्राबरोबर तर मुळीच नाही!

म्हणून मी एका ग्रुपबरोबर गेले. पैसे भरले, निर्धास्त झाले. प्रत्यक्षात आम्ही जवळपास चाळीस जण आणि दोर सांभाळणारे दोघं. कातळाखाली दोन तास रांग. उतरताना अंधार पडला आणि निम्म्या लोकांकडे टॉर्च नव्हती. कुणाला काही झालं नाही, हे आमचं नशीब.

तेव्हापासून पैसे भरण्याआधी मी चार प्रश्न विचारते. किती जण आहेत आणि त्यांच्यामागे लीडर किती? लीडरचा गिर्यारोहणाचा कोर्स झालाय का? प्रथमोपचार कोणाला येतात? नोंदणी आहे का? राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर फी कितीही कमी असो, नमस्कार करायचा.

तिसरा ऑप्शन: वाटाड्या

साल्हेरला आम्ही मधला मार्ग काढला. प्लॅन, जेवण, वेळापत्रक आमचं. वाट दाखवायला पायथ्याच्या गावातले एक काका. साल्हेर १५६७ मीटर उंच. कळसूबाईनंतर राज्यात याच शिखराचा नंबर लागतो. १६७२ साली याच्याच परिसरात मराठ्यांनी मुघल फौजेला उघड्या मैदानात हरवलं आणि २०२५मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. हे सगळं मी वाचून गेले होते. पण कुठल्या टाक्यातलं पाणी पिता येतं, कुठे मधमाश्यांची पोळी आहेत म्हणून आवाज करायचा नाही, हे काकांनी सांगितलं. दुपारी आभाळ भरून आलं तेव्हा ‘आता सालोटा नको’ असंही तेच म्हणाले. आम्ही हिरमुसलो, पण ऐकलं. तासाभरात विजा कडाडायला लागल्या!

शिवाय वाटाड्याचे आणि पिठलं-भाकरीचे पैसे थेट गावात जातात. मात्र मानधन आधीच मोकळेपणाने ठरवा. आणि एक लक्षात ठेवा, वाटाड्या म्हणजे रेस्क्यू टीम नव्हे. कातळावर दोर लावणं किंवा तुमची औषधं सांभाळणं हे त्याचं काम नाही.

मग आपण काय निवडायचं?

• पहिलाच मुक्कामी ट्रेक असेल, तर छोटा, अनुभवी ग्रुप.
• दोराचं काम असेल, तर प्रशिक्षित लीडर हवाच. तिथे तडजोड नाही.
• रोज रात्री गाव गाठता येत असेल आणि तुमच्यात दोघं तरी मुरलेले भटके असतील, तर आपलं आपण जा, पण वाटाड्या घ्या.
• अभयारण्यातून वाट जात असेल, तर प्रवेश आणि मुक्कामाचे नियम वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या.
• घरी रूट आणि परतीची वेळ लिहून ठेवा. ११२ नंबर लक्षात असू दे, पण दरीत रेंज नसते हेही.

आमचा चौघांचा कंपू अजूनही शाबूत आहे. फक्त आता निघताना जुन्या सीबीएसवर चहा घेता घेता आम्ही एक काम आधी उरकतो. या वेळी ‘मागे फिरा’ म्हणायचा मान कुणाचा, ते ठरवतो. त्याने म्हटलं की फिरायचं, वाद हॉटेलात. डोंगर काय, पुढच्या वीकएन्डलाही तिथेच असतो!