अखेरचें औषध

नवी मुंबईंतील खारघर येथें टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. कर्करोगावरील तीव्र औषधांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी घटल्या म्हणजे तेथील रुग्णांस किरकोळ जंतुहि प्राणघातक ठरतो; त्यांतून तो औषधांस न जुमानणारा निघाला तर वैद्य कित्येकदां ‘कोलिस्टिन’कडे वळतात. मूत्रपिंडास अपायकारक म्हणून एके काळीं अडगळींत पडलेलें हें औषध आज अखेरचा आधार झालें आहे. आणि तेंच आपल्याकडे कोंबड्या लठ्ठ व्हाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यांत मिसळीत असत! अशा अल्प मात्रेनें जंतूंस औषध पचवावयाची संवय जडते. जुलै २०१९ मध्यें सरकारनें त्यास बंदी केली, हें आमच्या मतें उशिरां कां होईना, योग्यच झालें. सुशिक्षित घरांत मात्र उरलेल्या गोळ्या फडताळांत जपून ठेवण्याची व शेजाऱ्यांस देण्याची चाल अद्यापि आहेच.