पेटी निवडण्याआधी टाळी वाजवा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ जेमतेम तीस किलोमीटर. तेथले दहाव्या क्रमांकाचे विश्वकर्मा लेणे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडातच कोरलेल्या आहेत, म्हणून लोक त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. आत उभे राहून कोणी एक स्वर लावला, की तो गप्प झाल्यावरही स्वर छताखाली रेंगाळतच राहतो. गाणाऱ्याला वाटते, आपला गळा काय छान आहे! पण तेथेच कोणी भरभर बोलू लागला, तर शब्दांत शब्द मिसळून जातात. बेसॉल्टचा कातळ आवाज फारसा शोषून घेत नाही. जवळजवळ सगळाच परत फेकतो.

आता सिडकोतल्या एखाद्या घरी येऊ. समजा, तुमच्या घरी जुना ॲम्प्लिफायर आणि दोन चांगले स्पीकर आहेत. टेप केव्हाच बंद पडला. बाबा म्हणतात, “आता स्ट्रीमर घेऊ.” दुकानात एक पेटी दहा हजारांची आणि दुसरी लाखाची. घ्यायची कोणती?

आधी ही पेटी करते काय ते पाहू. इंटरनेटवरून तिच्याकडे गाणे येत नाही, येतात नुसते आकडे. माणसाचा कान सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. असा आवाज आकड्यांत पकडायचा तर दर सेकंदाला त्याच्या दुपटीहून अधिक मोजमापे घ्यावी लागतात. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीसाठी 44,100 मोजमापे ठरली. प्रत्येक मोजमाप 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसते. स्ट्रीमर हे आकडे थोडे आधीच साठवून ठेवतो, घड्याळाच्या ठोक्यावर एकेक बाहेर काढतो आणि त्यांची पुन्हा सलग विद्युत्‌लहर बनवतो. ती लहर ॲम्प्लिफायरकडे जाते.

वाटेत एखादे पुडके हरवले, तर पेटी ते पुन्हा मागवते. फारच उशीर झाला तर गाणे अडखळते, थांबते. पण ते ‘थोडे कमी गोड’ होत नाही! म्हणून इंटरनेटच्या महागड्या वायरीने सूर खुलतो, असे कोणी सांगितले तर खुशाल हसा.

काही पेट्यांवर सेकंदाला 1,92,000 मोजमापांची जाहिरात असते. पण जे मुळात ध्वनिमुद्रित झालेच नाही, ते आकडे वाढवून कोठून येणार? मिरजेचे अब्दुल करीम खाँ 1937 साली वारले. त्यांचा आवाज आपल्याकडे आहे तो 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, खरखरीसकट. साध्या पेटीत हे सगळे सहज मावते.

मग गाणे घरात बिघडते कोठे? बहुधा खोलीत. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे समजेना. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने मोजले, तर आवाज तेथे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. मग रात्रीच्या शांततेत तो शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, ऑर्गनची नळी वाजवी आणि घड्याळ लावून बसे. जितक्या गाद्या जास्त, तितका आवाज लवकर विरे. त्यातूनच सभागृहांचे ध्वनिशास्त्र उभे राहिले.

हा प्रयोग तुम्हीही करा. फरशी मोकळी आणि भिंती उघड्या असताना खोलीत मोठ्याने टाळी वाजवा. मागे एक झणझण ऐकू येईल. मग सतरंजी अंथरा, दोन गोधड्या भिंतीशी टांगा आणि पुन्हा टाळी वाजवा. (आईला आधी विचारा!) गोधड्या टांगल्यावर फरक ऐकायला तज्ज्ञ लागत नाही.

तरी पेट्यांतला फरक पाहायचाच असेल, तर डोळे बांधून पाहा. आधी एकच अखंड सूर दोन्हींवर वाजवून, बसण्याच्या जागी फोनवरच्या ध्वनिमापकाने दोघींचा आवाज समान करून घ्या. कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच ‘अधिक चांगला’ वाटतो. मग मित्राने नाणे उडवून पेटी निवडावी आणि तुम्ही ओळखावी, असे दहा वेळा. नुसत्या अंदाजानेही पाचेक बरोबर येतीलच. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता मात्र अंदाजाने 1024 मध्ये 11 इतकीच. तितके आले, तर फरक खरोखर ऐकू येतो म्हणायचे.

बाकीच्या चौकशा साध्या आहेत. जुन्या ॲम्प्लिफायरसाठी लाल-पांढऱ्या पिनांची जोडणी हवी. आलाप संपून बंदिश सुरू होताना मध्ये खंड पडता कामा नये. काही पेट्या तेथे क्षणभर गप्प होतात आणि रंगाचा बेरंग करतात. घरच्या डिस्कवरची गाणीही वाजायला हवीत. पेटीची आज्ञावली कंपनी किती वर्षे सुधारत राहणार, तेही विचारा. ते थांबले, की गाण्यांची सेवा हळूहळू बंद पडते आणि लाखाची पेटीही नुसती शोभेची उरते.

दहा हजारांच्या पेटीत हे सगळे मिळाले, तर उरलेल्या पैशांतून मागच्या भिंतीला जाड पडदा घ्या. तो लावून झाला की पुन्हा एकदा टाळी वाजवा.